अंतराळातील उतारूचे हक्क कोण लिहिणार?

२५ ऑगस्ट २०२५ रोजी लखनौने आपल्या शुभांशू शुक्ला यांचे जंगी स्वागत केले. अशा प्रसंगी अभिमानाला पहिला मान मिळावा, हे योग्यच. परंतु या यात्रेची एक बाजू चर्चेत मागे राहिली आणि ती म्हणजे तिकिटाची. ‘ॲक्सिऑम-४’ मोहिमेतील आसन भारताने एका खाजगी कंपनीकडून विकत घेतले होते. प्रशिक्षणासह त्याचा खर्च सुमारे ५५० कोटी रुपये झाल्याचे सांगितले जाते. शुक्ला त्या यानाचे वैमानिक होते, निव्वळ उतारू नव्हेत. तरीही आसन विकत मिळते हे एकदा मान्य झाले की पुढचा प्रश्न टाळता येत नाही. उद्या लखनौचा किंवा नाशिकचा एखादा नागरिक स्वतःच्या पैशाने असे आसन घेईल, तेव्हा त्या तिकिटावर त्याला कोणते हक्क मिळतील?

गंमत अशी की या प्रश्नाचा तपशीलवार विचार १९७७ साली एका खेळात झाला होता. मार्क मिलर यांच्या ‘ट्रॅव्हलर’ या विज्ञानकाल्पनिक रोल-प्लेइंग खेळात ताऱ्यांदरम्यानच्या प्रवासाचे वर्ग आहेत. दहा हजार क्रेडिट मोजणाऱ्या उच्च वर्गाच्या उतारूला सेवक आणि भरपूर सामानाची मुभा मिळते. आठ हजारांचा मध्यम वर्ग त्याखालचा. ऐन वेळी उच्च वर्गाचा उतारू आला, तर मध्यम वर्गातल्याला उतरवता येते. एक हजारात मिळतो तो शीतनिद्रेचा प्रवास. मुक्कामी पोहोचल्यावर दोन फासे टाकायचे; बेरीज पाचाहून कमी आली, तर तो उतारू जागा होत नाही. साध्या हिशेबाने सहापैकी एक जण दगावतो. खेळ म्हणून हे क्रूर आहे, पण प्रामाणिकही आहे. पैसे देण्यापूर्वीच कोणाला काय मिळणार आणि कोणता धोका पत्करायचा, हे नियमात लिहिलेले असते.

वास्तवातले नियम मात्र आधी उतारू आणि मग नियम, या क्रमाने आले. एप्रिल २००१ मध्ये डेनिस टिटो नासाचा विरोध असतानाही रशियन यानातून अंतराळ स्थानकावर गेले. त्यानंतर २००२ मध्ये स्थानकाच्या भागीदार संस्थांनी व्यावसायिक अंतराळवीर आणि ‘अंतराळप्रवास सहभागी’ असे दोन वर्ग ठरवले आणि निवड-प्रशिक्षणाचे निकष लिहून काढले. २०१९ मध्ये नासाने चक्क दरपत्रक जाहीर केले. प्राणरक्षक यंत्रणा आणि शौचालय यांच्यासाठी माणशी दररोज ११,२५० डॉलर. अन्न, हवा, औषधे इत्यादींसाठी २२,५०० डॉलर. विजेच्या एका युनिटला ४२ डॉलर. म्हणजे काय विकायचे आणि कितीला, हे ठरले आहे. विकत घेणाऱ्याचे काय, याचे उत्तर तितके स्पष्ट नाही.

अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे अशा उतारूला लेखी संमती द्यावी लागते. हे यान माणसे नेण्यास सुरक्षित असल्याचे प्रमाणपत्र सरकारने दिलेले नाही, हे त्याला कळवले जाते आणि तो ते मान्य करतो. यानातील माणसांच्या सुरक्षिततेसाठी सर्वसाधारण नियम करण्यावर तेथे २००४ पासून स्थगिती आहे. ती वाढत वाढत १ जानेवारी २०२८ पर्यंत आली आहे. आंतरराष्ट्रीय कायदाही फारसा उपयोगी नाही. १९७२ चा दायित्व करार मुख्यतः यान कोसळल्याने इतरांच्या होणाऱ्या हानीचा विचार करतो. प्रक्षेपण करणाऱ्या देशाचे नागरिक आणि उड्डाणात सहभागी असलेले परदेशी नागरिक यांना त्याने स्पष्टपणे वगळले आहे.

याच्याशेजारी आपला १९८९ चा रेल्वे कायदा ठेवून पाहावा. चारबाग स्थानकावर साधे तिकीट काढणाऱ्या उतारूचा रेल्वे अपघातात मृत्यू झाला, तर चूक कोणाची हे सिद्ध न करताही त्याच्या कुटुंबाला भरपाई मिळते. २०१७ पासून ती आठ लाख रुपये आहे. रक्कम मोठी नसेल, पण तत्त्व मोठे आहे. काही रुपयांच्या तिकिटाला जे संरक्षण आहे, ते कोट्यवधींच्या आसनाला नाही.

यावर आक्षेप येतो की अंतराळप्रवास हा मूठभर श्रीमंतांचा छंद आहे आणि कडक नियम लादले तर नवे उद्योग गुदमरतील. आक्षेपाचा दुसरा भाग विचारार्ह आहे. रॉकेटची रचना कशी असावी हे कायद्याने आजच ठरवू नये. अनुभव अजून तोकडा आहे. पण माहिती देणे, भरपाई ठरवणे आणि उड्डाण थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे हे सांगणे, यासाठी अनुभवाची वाट पाहावी लागत नाही.

या शेवटच्या मुद्द्याचा धडा शुक्लांच्याच मोहिमेत आहे. जून २०२५ मध्ये फाल्कन-९ रॉकेटमध्ये द्रवरूप ऑक्सिजनची गळती आढळली. ती दुरुस्त करून पुन्हा चाचणी घ्यावी, अशी इस्रोच्या चमूची भूमिका होती. उड्डाण लांबले आणि २५ जूनला सुखरूप झाले. शुक्लांच्या पाठीशी प्रश्न विचारू शकणारी आणि उत्तर समजू शकणारी संस्था उभी होती. खाजगी उतारूच्या पाठीशी कोण असेल? गळतीचा अहवाल त्याला दाखवला तरी तो वाचणार कोण?

भारताचे अंतराळ धोरण २०२३ मध्ये आले आणि खाजगी उपक्रमांना परवानगी देण्याचे काम इन-स्पेसकडे गेले. अंतराळ उपक्रम विधेयकाचा मसुदा मात्र २०१७ मध्येच लोकांपुढे ठेवला गेला होता. त्याचा कायदा अजून झालेला नाही. तो होईल तेव्हा उतारूंसाठी निदान तीन कलमे त्यात असावीत. यानाच्या पूर्वीच्या उड्डाणांचा, अपयशांसह, इतिहास उतारूला त्याच्या भाषेत द्यावा. चूक सिद्ध न करता मिळणारी किमान भरपाई आणि तिचा विमा सक्तीचा असावा. आणि कंपनीपासून स्वतंत्र अशा तज्ज्ञाला उतारूच्या वतीने उड्डाणावर आक्षेप नोंदवण्याचा अधिकार असावा. भारतीय भूमीवरून पहिले तिकीट विकले जाण्यापूर्वी हे होऊ शकते, कारण तेवढा अवधी आज आपल्या हाती आहे.