आमची कोठेही शाखा नाही

पुण्यातल्या दुकानांवरच्या या पाटीची लोक थट्टा करतात. मला मात्र ती अगदी कायदेशीर वाटते. याच नावाचे आणखी कोणी भेटले तर ते आम्ही नव्हेत, एवढेच ती सांगते. एका पेठेत दोन जोशी असले म्हणून बिघडत नाही. गिऱ्हाईक चेहरा आणि पत्ता बघून आपल्या जोशींकडेच जाते.

इंटरनेटवर ही सोय नाही. तिथे डॉट कॉमचे एक नाव अख्ख्या जगात एकालाच मिळते आणि ते देताना 'हे तुमचेच का हो?' असे कोणी विचारत नाही. वर्षाचे पैसे भरले की झाले.

रेडिफचा खटला या बाबतीत वाचण्यासारखा आहे. रेडिफ डॉट कॉमचा जम बसलेला असताना कोणीतरी 'ई'च्या जागी 'ए' घालून रॅडिफ डॉट कॉम काढले. खुलासा काय, तर 'रॅडिकल'ची पहिली तीन अक्षरे, आणि इन्फर्मेशन, फ्यूचर, फ्री यांचे एकेक! (वर्गात शेजाऱ्याचे उत्तर उतरवणाऱ्यांचे खुलासे साधारण असेच कल्पक असत.) १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. अजित शहा यांना तो पटला नाही. हा नुसता पत्ता नाही, त्याला ट्रेडमार्कसारखेच संरक्षण हवे, असे म्हणून त्यांनी मनाई हुकूम दिला. २००४ मध्ये सिफीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हाच मार्ग धरला. स्वतंत्र कायदा नसला तरी दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवता येणार नाही.

हे मला पूर्ण मान्य आहे. पण आधी कोण आणि मनात काय, हीच कसोटी मोठ्यांनाही लागली पाहिजे. आपल्या पुण्यातले 'बर्गर किंग' घ्या. भांडण पाटीचे, पण मूळ तेच. हे हॉटेल १९९२ पासूनचे. अमेरिकन कंपनी जुनी असली तरी भारतात तिचे दुकान उघडले २०१४ मध्ये. कंपनीने २०११ मध्ये लावलेला दावा पुण्याच्या न्यायालयाने २०२४ मध्ये फेटाळला. मग उच्च न्यायालयाने हॉटेलला नाव वापरायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. पहिल्या निकालालाच तेरा वर्षे! एवढा दम किती हॉटेलवाल्यांत असतो?

डॉट कॉमसाठी कोर्टाबाहेरची वाट आहे, नाही असे नाही. जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे तक्रार करता येते. एका पंचासमोर चालवायची फी दीड हजार डॉलर, म्हणजे सव्वा लाखाच्या वर. वकील वेगळा. नाव बळकावणाऱ्याला खर्च हजारभर रुपये, सोडवणाऱ्याला लाखाच्या पुढे. घरी मसाले करून विकणारी बाई काय करणार? नाव बदलते आणि गप्प बसते.

ट्रेडमार्कचा अर्ज आपल्याकडे आधी जर्नलमध्ये छापतात, हरकतीला चार महिने देतात. इंटरनेटला एवढा धीर नाही, हे समजते. पण निदान डॉट इन तरी आपल्या हातात आहे. तिथे लहान व्यावसायिकाला नाममात्र फीत, मराठीत अर्ज करून दाद मागता यायला काय हरकत आहे?