उचलताना आणि ठेवताना



३१ जानेवारी २०२१. यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात कापसी कोपरी या गावी पल्स पोलिओ मोहिमेत १२ बालकांच्या मुखात लसीऐवजी सॅनिटायझरचे थेंब गेले. मुलांना उलट्या होऊ लागल्या आणि त्यांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने सर्व बालके बचावली.

पोलिओ लसीच्या कुपीवर एक वर्तुळ व त्याच्या आत चौकोन छापलेला असतो. उष्णता लागत जाईल तसा तो चौकोन गडद होतो; वर्तुळापेक्षा तो फिका असेल तोवरच लस वापरावयाची, असा नियम आहे. सॅनिटायझरच्या बाटलीवर अशी खूण कोठून असणार? हातातील वस्तूकडे एकदा नीट पाहिले असते, तर अनर्थ जागीच थांबला असता.

नर्सिंगच्या विद्यार्थिनींना प्रारंभीच पाच गोष्टी शिकविल्या जातात : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. त्याचबरोबर औषधावरील नाव तीनदा वाचण्याची सवय लावली जाते : कपाटातून उचलताना, मात्रा काढताना आणि बाटली परत ठेवताना. आपल्या घरांतील ज्या मुली हे शिक्षण घेत आहेत, त्यांना हे नवे वाटू नये. पाच समित्यांपैकी आदान-निक्षेपण समिती वस्तू उचलताना व ठेवताना नीट पाहून घ्यावयास सांगते. तेथे हेतू सूक्ष्म जीवाच्या रक्षणाचा आहे, रुग्णालयात तो मनुष्याच्या. दोन्हीकडे साधन एकच : सावधपणा.

इन्सुलिनसारख्या औषधाची मात्रा अनेक रुग्णालयांत दुसरी परिचारिकाही तपासते. बँकेची तिजोरी दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही. त्यात कोणाच्या प्रामाणिकपणावर संशय नसतो. घाईत एकट्याची नजर चुकू शकते, एवढीच त्यामागची जाण असते.

घरी मात्र आपण गोळी रंगावरून ओळखतो. कंपनी बदलली की रंग बदलतो, आणि एकच औषध दोन नावांनी दोनदा पोटात जाते. यासाठी वेष्टनावरील मोठ्या नावापेक्षा मूळ घटकाचे नाव वाचावे.

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून तुकोबांची पालखी प्रस्थान ठेवते, तेव्हा वाटेवर ठिकठिकाणी औषधे वाटली जातात. ही सेवा पुण्याचीच आहे. परंतु उन्हात चालून शरीरातील पाणी घटलेल्या वृद्ध वारकऱ्यास वेदनाशामक गोळी मूत्रपिंडास घातक ठरू शकते. म्हणून गोळी हातावर ठेवण्यापूर्वी रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार, अल्सर यांची विचारपूस झाली पाहिजे, आणि ती डॉक्टर वा प्रशिक्षित परिचारिकेनेच करावी.

आपल्या समाजात खरा प्रश्न येतो तो 'योग्य वेळे'चा. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी स्वादुपिंडास इन्सुलिन सोडावयास लावते. पोटात अन्न आहे की नाही, याची ती वाट पाहत नाही. उपवासात ती घेतली तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. घाम, थरथर, गोंधळलेले बोलणे ही त्याची लक्षणे होत. घरचे लोक त्यास तपाचा थकवा समजतात. उलटपक्षी, स्वतःच्या मनाने इन्सुलिन अथवा रक्तदाबाची गोळी बंद करणेही तितकेच धोक्याचे. चौविहार पाळणाऱ्यांनीही 'दिवसातून दोनदा' याचा अर्थ डॉक्टरांकडून समजून घ्यावा. तो पुष्कळदा बारा तासांच्या अंतराने असा असतो.

तेव्हा पर्युषणापूर्वी पंधरा दिवस सर्व औषधांची यादी, मूळ नावे, मात्रा व वेळा लिहून डॉक्टरांपुढे ठेवावी आणि कोणते तप करणार हे स्पष्ट सांगावे. वेळा किंवा मात्रा बदलता येतील काय, हे तेच ठरवतील. दुकानाचा हिशेब आपण रोज रात्री तपासतो. घरातील वडीलधाऱ्यांच्या औषधांचा हिशेबही तेवढ्याच काटेकोरपणे ठेवावयास हवा.