नवऱ्याचा जुना सेट आणि आपलं मनगट

मैत्रिणींनो, गेल्या वर्षभरात आपल्यातल्या चौघीजणींनी मला एकच प्रश्न विचारला. "गोल्फ शिकायला घेतलंय, आयर्न स्टीलच्या शाफ्टचे घेऊ की ग्राफाइटच्या?" मी जरा खोदून विचारलं की खरा प्रश्न बाहेर येतो. घरात ह्यांचा जुना स्टीलचा सेट पडून आहे, ह्यांनी नवा घेतला, तर तोच वापरला तर काय बिघडलं?

बिघडतं. माझं मत अगदी स्पष्ट आहे. तो सेट भाच्याला द्या, पुतण्याला द्या, विकून टाका, पण त्यावर शिकू नका.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आयर्न म्हणजे धातूच्या पातळ डोक्याच्या काठ्या. हिरवळीवरून चेंडू ठरावीक अंतरावर टाकायला त्या लागतात. शाफ्ट म्हणजे तिचा दांडा. डोकं आणि मूठ यांच्यामधला हा दांडा स्टीलचा असतो किंवा ग्राफाइटचा, म्हणजे कार्बनच्या धाग्यांचा. दुकानात सगळे डोक्याकडे बघतात, कारण कंपनीचं नाव तिथे असतं. आपल्या हाताला मात्र दांडा लागतो.

आधी वजनाचं बघू. पुरुषांच्या बऱ्याच सेटमध्ये जो स्टीलचा दांडा वर्षानुवर्षं येत आला, तो डायनॅमिक गोल्ड एस ३०० सुमारे १३० ग्रॅमचा असतो. हलकं स्टीलही मिळतं. निप्पॉन कंपनीचा एन. एस. प्रो ९५० शंभर ग्रॅमच्या आत बसतो. ग्राफाइटचे आयर्नचे दांडे साधारण ५० पासून ८५ ग्रॅमपर्यंत येतात, त्याहून जडही असतात. म्हणजे ह्यांच्या सेटमधला सेव्हन आयर्न आणि आपल्याला सोसेल असा सेव्हन आयर्न यांत साठ-सत्तर ग्रॅमचा फरक पडतो. एका मोठ्या लिंबाएवढा. हातात धरून बघितलं तर काहीच वाटत नाही, आणि दुकानदार तेच करायला सांगतो: "धरून बघा ना मॅडम, किती जड आहे?" पण लिंबू नुसतं धरायचं नाहीये. काठी खांद्यामागे नेऊन जोरात खाली आणायची, तीही एका सकाळी सत्तर-ऐंशी वेळा.

दुसरी गोष्ट दणक्याची, आणि माझ्या मते वजनापेक्षा हीच मोठी. आपण शिकतो कुठे? रेंजवर, मॅटवर. आमच्या रेंजवर काँक्रीटवर रबर आणि त्यावर हिरवा गालिचा आहे, बहुतेक ठिकाणी असंच असतं. नवशिक्या बाईची काठी चेंडूच्या आधी जमिनीला लागते, सगळ्यांचीच लागते. खरी माती असेल तर ती थोडी उकरली जाते आणि दणका तिथेच जिरतो. मॅट उकरली जात नाही. तो दणका दांड्यातून वर येतो, मनगटात आणि मग कोपरात. स्टीलमधून तो बराचसा जसाच्या तसा येतो. चेंडू डोक्याच्या टोकाला लागला तर बोटं झणझणतात. ग्राफाइट ती थरथर बरीचशी आपल्यातच जिरवतं.

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी पन्नाशीत खेळायला सुरुवात केली. भाऊजींनी मोठ्या प्रेमाने आपला जुना सेट दिला, वर दुकानातून दांडे एक इंच कापून आणले, "आता तुझ्या मापाचा झाला" म्हणून. चार महिन्यांत त्यांना उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला असं दुखायला लागलं की कुकरचं झाकण फिरवता येईना. डॉक्टरांनी खेळ बंद करायला सांगितला, आणि घरात सगळ्यांचं एकमत झालं की हा खेळ बायकांचा नाही. मला राग आला तो ह्या वाक्याचा. खेळाचा काय दोष? १३० ग्रॅमचा दांडा, खाली काँक्रीट आणि शिकवायला नवरा!

दांडा कापून आपल्या मापाचा होतो, हा समज तर काढूनच टाका. एक इंच कापल्याने तीन-चार ग्रॅम कमी होतात, बस. उलट लांबी कमी झाल्यावर दांडा आणखी ताठ लागतो आणि डोकं हलकं वाटायला लागतं. म्हणजे जडपणा तसाच राहिला आणि डोक्याचा जो झोका जाणवायला हवा तोही गेला. मूठही पुरुषांच्या मापाची जाडच राहते.

कुणी म्हणेल, मग त्याच डोक्यांना ग्राफाइटचे दांडे बसवून घेऊ. बसवता येतात. डोकं तापवून जुना दांडा काढतात आणि नवा इपॉक्सीने चिकटवतात. पण दांडा पन्नास-साठ ग्रॅमने हलका झाला की काठीचा तोल बदलतो. चांगला कारागीर डोक्याच्या बाजूला वजन घालून तो परत आणतो, बाकीचे नुसते दांडे बदलून देतात. आठ काठ्यांचे दांडे, मजुरी आणि नव्या मुठी असा हिशेब केला की वापरलेला बायकांचा चांगला सेट त्याच पैशांत येतो का, ते आधी विचारून घ्या.

(मुठीवरून आठवलं. मुठी रबराच्या असतात, त्याची काळजी नको. हातमोजा घेताना मात्र लेबल वाचा. कॅब्रेटा लिहिलेलं असेल तर ते मेंढीचं कातडं आहे. सिंथेटिक मोजे सगळीकडे मिळतात, आणि पावसाळ्यात ते कातड्यापेक्षा बरेच टिकतात.)

आता दुसरी बाजू. ग्राफाइट घ्या म्हणजे 'लेडीज' लिहिलेला पहिला सेट उचलून आणा, असं मी म्हणत नाही. त्या गुलाबी-जांभळ्या बॅगेतल्या सेटांचे दांडे पुष्कळदा पन्नास ग्रॅमच्या आतबाहेर आणि फार लवचीक असतात. काहीजणींना ते बरोबर बसतात. पण जी मुलगी कॉलेजात बॅडमिंटन किंवा थ्रोबॉल खेळली आहे, जिचे खांदे मजबूत आहेत, तिच्या हातात तो दांडा वेताच्या छडीसारखा वळतो आणि चेंडू आज डावीकडे, उद्या उजवीकडे. दांड्यावरच्या 'एल', 'आर', 'एस' या अक्षरांवरही फार विसंबू नका. लवचीकपणाचं सगळ्या कंपन्यांना लागू असं एकच माप नाही. एका कंपनीचा 'आर' दुसरीच्या 'एस'एवढा ताठ असू शकतो. ड्रेसच्या साइझसारखंच आहे हे, घालून बघितल्याशिवाय कळत नाही.

ग्राफाइट म्हणजे कमी प्रतीचं, म्हाताऱ्यांचं आणि बायकांचं, हे जे क्लबात बोललं जातं ते मला मुळीच पटत नाही. एके काळी हे दांडे हिकरीच्या लाकडाचे होते. अमेरिकेत स्टीलला परवानगी मिळाली १९२४ मध्ये, ब्रिटनमध्ये १९२९ मध्ये. ग्राफाइटचा दांडा १९६९ मध्ये फ्रँक थॉमस यांनी शेक्सपिअर नावाच्या कंपनीत तयार केला, आणि ही कंपनी मासेमारीचे गळ-दांडे करणारी. सुरुवातीचे ते दांडे महाग होते, पिळले जायचे, एकासारखा दुसरा नसायचा. बदनामी तेव्हाची आहे आणि ती अजून चालू आहे. आज ब्रायसन डीशॅम्बोसारखा ताकदीचा खेळाडू आयर्नमध्ये ग्राफाइट वापरून खेळला आहे. रिओ ऑलिंपिकचा कांस्यपदक विजेता मॅट कूचर ग्राफाइटच्या गाभ्यावर स्टीलच्या बारीक तारा गुंडाळलेले दांडे वापरत आला आहे. टायगर वुड्स स्टीलच वापरतो, आणि त्याने वापरावं. त्याच्या स्विंगला ते शोभतं. ट्रॅकमॅनने काही वर्षांपूर्वी दिलेल्या सरासरीत पुरुष व्यावसायिकांच्या सेव्हन आयर्नचा वेग ताशी ९० मैल होता आणि महिला व्यावसायिकांचा ७६. आमच्या रेंजवरच्या यंत्रात माझा ५२ येतो. ९० वाल्यासाठी बनवलेला दांडा ५२ वालीने का फिरवायचा?

स्टीलची बाजू घेणारे म्हणतात की जड दांड्याने हात स्थिर राहतो आणि चेंडू एका ठिकाणी पडतात. ते खोटं नाही. फार हलकी काठी घाईघाईने वर जाते, ताल बिघडतो. म्हणून सोसेल तेवढं वजन ठेवावं, उगाच सगळ्यात हलकं घेऊ नये. माझे दांडे ७० ग्रॅमच्या आसपास आहेत. पन्नासचे घेऊन बघितले होते. चेंडू चार-पाच यार्ड पुढे गेला, पण कुठे गेला ते कॅडीलाच माहीत. नवे दांडे लावले की वीस यार्ड वाढतात असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडून काहीच घेऊ नका.

निवड कशी करायची? दोन सेव्हन आयर्न मागून घ्या, एक हलक्या स्टीलचा, एक ग्राफाइटचा. डोक्यावर थोडी टाल्कम पावडर लावा, चेंडू कुठे लागला त्याचा ठसा दिसतो. पहिल्या दहा चेंडूंवरून काही ठरवू नका, तेव्हा सगळ्याच ताज्या असतात. चाळीस चेंडूंनंतरचे दहा बघा. ठसे मधोमध येतात की टोकाकडे सरकायला लागले? आणि खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी, कणीक मळताना. मनगट तेव्हा कुरकुरलं तर तो दांडा तुमचा नाही, मग दुकानदार काहीही म्हणो. आधीपासून कोपर दुखत असेल तर मात्र ग्राफाइट हे औषध नव्हे. आधी डॉक्टर, मग बादलीतले चेंडू निम्मे करायचे, मॅट सोडून गवतावर मारायचं, आणि दांडा त्यानंतर.

वापरलेला ग्राफाइटचा सेट घेत असाल तर डोक्याला दांडा जिथे मिळतो तिथून वरपर्यंत नख फिरवून बघा. बारीक चीर लागली किंवा बॅगेच्या काठावर घासून रंगाखालचे धागे दिसत असतील तर तो नको. स्टीलमध्ये गंज बघायचा. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओली काठी तशीच बॅगेत ठेवली की जिथे क्रोम खरवडला असेल तिथे ठिपके येतात.

आता मुलींबद्दल. ७ ऑगस्ट २०२१ ला अदिती अशोकचं टोकियोतलं पदक एका फटक्याने हुकलं, त्या शनिवारी सकाळी आमच्या घरात नाश्ता कुणी केला नाही. तिची आईच तिची कॅडी होती, बॅग उचलून अठरा होल चालत होती. माझी भाची तेव्हा अकरा वर्षांची. ती सोफ्यावरून उठलीच नाही, आणि पुढच्याच आठवड्यापासून रेंजवर जायला लागली. आता तिचे खांदे भरलेत, वेग माझ्यापेक्षा खूप जास्त आहे, आणि तिचे कोच तिला हलकं स्टील घ्या म्हणतात. माझं ग्राफाइटचं मत तिच्यावर लादायची मला इच्छा नाही. तिचं शरीर वेगळं, तिचा खेळ वेगळा. मी एवढंच म्हटलं की आधी दोन्ही काठ्या एकेक आठवडा मागून आणू, मॅटवरही मारून बघू आणि गवतावरही.

जाऊबाईंचा हात आता बरा आहे. सहा महिने थांबून त्यांनी ६५ ग्रॅमच्या ग्राफाइटचा वापरलेला सेट स्वतःच्या पैशांनी घेतला. भाऊजींचे आयर्न पुतण्याकडे गेले, त्याला ते छान बसले. भाचीसाठी ९५ ग्रॅमचा स्टीलचा सेव्हन आयर्न परवा आला आहे, ग्राफाइटचा रविवारी मिळेल.