भोजनशाळेच्या डब्यात कोणती पिशवी?



चातुर्मास आला की भोजनशाळेच्या खरेदीची यादी महिला मंडळाकडे येते. डाळ-तांदूळ आपण चार दुकाने फिरून घेतो. कचऱ्याच्या पिशव्या मात्र "सगळ्यात स्वस्त पाकीट द्या" म्हणून आणतो. मला विचाराल तर तेच पाकीट महाग पडते. पातळ पिशवी पत्रावळीच्या काडीने फाटते, मग एकात एक दोन घालाव्या लागतात. वर जिन्यात गळलेले खरकटे पुसायचे कोणी? झाडलोटीच्या मावशींनीच.

आधी डब्याला टेप लावा. घेराचा निम्मा म्हणजे पिशवीची रुंदी. उंचीत तळाचा निम्मा व्यास आणि काठावर दुमडायला चार इंच मिळवले की लांबी. १४ इंच व्यासाचा, १८ इंच उंच डबा असेल तर किमान २२ बाय २९ हवी. बाजारात २४ बाय ३२ मिळते, ती चालते. तिथे ३० बाय ५० घातली तर जवळजवळ दुप्पट प्लास्टिकचे पैसे जातात. घाऊक दुकानात पिशव्या किलोवर मिळतात, तेव्हा किलोत किती नग बसतात ते विचारून एका नगाचा भाव काढा. नग फार जास्त भरले तर पिशवी पातळ आहे असे समजा.

खरी बचत मात्र ओल्या कचऱ्यात आहे. तिथे पिशवी नकोच! ताट धुऊन पिण्याची आपली रीत असल्याने उष्टे थोडेच, बाकी भाज्यांची साले. बादलीच्या तळाशी वर्तमानपत्र घाला आणि सूर्यास्तापूर्वी खतखड्ड्यात रिकामी करा. तोंड बांधलेल्या पिशवीत ओला कचरा रात्रभर राहिला की कुजतो, अळ्या होतात. तीच पिशवी रस्त्यावर पडली तर अन्नाच्या वासाने गाय प्लास्टिकसकट गिळते. चार पैशांच्या पिशवीपायी हा दोष कशाला घ्यायचा?

काहीजणी म्हणतात, बादली रोज धुवायची तर पाण्यातल्या जीवांचे काय? शंका रास्त आहे. पण आधी कोरड्या कागदाने पुसली तर तांब्याभर गाळलेले पाणी पुरते.

खतखड्डा नसेल आणि घंटागाडीवाला पिशवीच मागत असेल तर कंपोस्टेबल घ्या. नुसते 'बायोडिग्रेडेबल' छापलेले चालणार नाही, आयएस १७०८८ हा मानक क्रमांक पाहा. या पिशव्या महाग असतात, ओलाव्यात मऊही पडतात, म्हणून वर्षाचा साठा करू नका.

जाड प्लास्टिकच्या पिशव्या सुक्या कचऱ्याला आणि स्वच्छतागृहाला ठेवा. पारण्याच्या दिवशी पाने वाढणार असतील तर यादीत पिशव्यांचे पाकीट वाढवण्याऐवजी एक जादा बादली लिहा.