बारीक टायपातलं कौशल्य

घोड्यांच्या शर्यतींचं कुठलंही पान उघडा. ‘आजचा पक्का घोडा’ ठसठशीत अक्षरांत, चौकट करून छापलेला असतो. तो पक्का की कच्चा हे ज्या माहितीवरून ठरवायचं, ती मात्र सहा पॉइंटच्या टायपात, एकमेकांना खेटलेल्या रकान्यांत. दुसऱ्याचं मत हातभर अंतरावरूनही वाचता येतं. स्वतःचं बनवायचं तर डोळे शाबूत लागतात.

आमच्या मामांचे ते राहिले नाहीत. मामा रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. हिवाळ्यात महालक्ष्मी, पावसाळ्यात पुणे, असं त्यांचं वर्षाचं पंचांग ठरलेलं. पैसे बेताचेच लावणार: विन, प्लेस, कधी चौघांत मिळून जॅकपॉट. त्यांची खरी मजा आदल्या रात्रीची. जेवणं आटोपली की टेबलावर रेसबुक, लाल-निळी पेन्सिल आणि जुन्या निकालांची वही. कुणी मध्ये बोललेलं चालत नसे. मग त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधलाच भाग झिजायला लागला. मॅक्युलर डीजनरेशन. या आजारात कडेचं दिसतं, नेमकं समोरचं पुसट होतं. बस येताना दिसते, बसचा नंबर दिसत नाही. मामी म्हणाली, “इतकी वर्षं माझ्या तोंडानं झालं नाही ते यांच्या डोळ्यांनी केलं. सुटली एकदाची रेस.”

रेस सुटली नाही. वाचन तेवढं सुटलं. मामा स्टँडमधल्या दोस्तांना विचारून, कानावर आलेल्या टिपांवर पैसे लावायला लागले. हरतही होते, पण ते आधीही हरायचे. एकदा मला म्हणाले, “हरल्याचं काही नाही गं. दुसऱ्याच्या डोक्यानं हरलो, त्याचं वाईट वाटतं.”

मला रेसमधलं कळत नाही आणि जुगाराचं कौतुकही नाही. या खेळात घरं बसलेली गिरगाव-परळच्या चाळींनी पाहिली आहेत. पण पानं लावणं हा माझा धंदा आहे, आणि मामांचं दुखणं मला धंद्यातलं वाटलं. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली, तामिळनाडूच्या प्रकरणात, घोड्यांची शर्यत हा प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं. घोड्याचा वंश, त्याची तयारी, आधीची कामगिरी, जॉकीचा वकूब हे सगळं अभ्यासून माणूस पैसे लावतो, नुसत्या नशिबावर नाही, असा त्याचा आशय. (जीएसटी लावणाऱ्यांना हा फरक मान्य नसावा. सप्टेंबर २०२५पासून रेस, लॉटरी आणि कॅसिनो एकाच ४० टक्क्यांच्या पंगतीला बसले आहेत.) न्यायालयाचं खरं धरलं तर ते कौशल्य सहा पॉइंटात छापलेलं आहे. ज्याला ते वाचता येत नाही, त्याच्यापुरती रेस लॉटरीच होते. कायदा तोच, घोडे तेच, फक्त टाइप बारीक.

तेव्हा एका शनिवारी मी मामांचं रेसबुक घेऊन बसले.

एका घोड्याच्या वाट्याला काय काय असतं ते पाहा. त्याचा नंबर, नाव, वय, रंग, घोडा की घोडी, बाप, आई, मालक, ट्रेनर, जॉकी, पाठीवरचं वजन, सुटताना कितव्या कप्प्यातून सुटणार तो ड्रॉ, हँडिकॅपरनं दिलेलं रेटिंग, आधीच्या शर्यतींत कितवा आला ते. शिवाय सकाळच्या ट्रॅकवर्कच्या वेळा: सहाशे मीटर किती सेकंदांत, आणि जॉकीनं मोकळं सोडलं होतं की दामटलं होतं. हे सगळं एकाचं. अशा दहा-बारा घोड्यांची एक शर्यत, अशा सात-आठ शर्यतींचा एक दिवस.

यातला एकेक अंक पैशाचा असतो. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात, म्हणजे सगळे बरोबरीला येतील. हे वजन अर्ध्या-अर्ध्या किलोनं चढतं-उतरतं. त्या अर्ध्या किलोचा दशांशचिन्हाचा ठिपका मामांना दिसणं शक्यच नव्हतं. वर अंक इंग्रजी. इंग्रजी तीन, पाच, सहा आणि आठ लहान टायपात, शाई पसरणाऱ्या स्वस्त कागदावर, एकाच आईची लेकरं वाटतात. छप्पन्न किलो आणि अठ्ठावन्न किलो यांत घोडा बदलतो. ब्रिटनमधल्या पत्रकांत तर नुसत्या रेघांनाही अर्थ असतो. मागच्या क्रमांकांच्या ओळीत आडवी रेघ आली की सीझन बदलला, तिरकी आली की मध्ये अख्खा सीझन घोडा धावलाच नाही. अमेरिकेत १८९४ साली सुरू झालेल्या ‘डेली रेसिंग फॉर्म’मध्ये घोडा कुठल्या टप्प्यावर कितवा होता तो आकडा छापतात, आणि त्या आकड्याच्या डोक्यावर, त्याहूनही बारीक टायपात, तो किती लेंग्थ पुढे किंवा मागे होता ते. तरुण डोळ्यांनाही घाम फुटेल.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच: झेरॉक्सवाल्याकडे जाऊन मोठं करून आणणं. ए-फोरचं ए-थ्री केलं की अक्षर १४१ टक्के होतं. म्हणजे सहाचं साडेआठ पॉइंट. ब्रिटनमधली अंधांसाठी काम करणारी संस्था मोठ्या टायपाची सुरुवात १६ पॉइंटांपासून धरते, अमेरिकेत १८ धरतात. सहाचे अठरा करायचे तर अक्षर तिप्पट आणि कागद नऊपट. एका पानाची नऊ पानं. रेसबुकाची गाथा होईल.

कादंबरीचं सोपं असतं. फ्रेडरिक थॉर्प या इंग्रज प्रकाशकानं १९६४ साली लेस्टरला ‘अल्व्हर्सक्रॉफ्ट’ काढून मोठ्या टायपातल्या कादंबऱ्या छापायला सुरुवात केली. सुरुवातीचे ग्रंथ आकारानंही दांडगे, म्हाताऱ्या हातांना न पेलणारे; पुढे ते नेहमीच्या मापात आले. पण कादंबरी वाढते ती एकाच दिशेनं. पानं जास्त होतात, वाचणारा उलटत जातो, गोष्ट तीच राहते. तक्ता असा वाढत नाही. तक्ता वाचायचा म्हणजे वर-खाली आणि आडवं एकाच वेळी पाहायचं. तिसऱ्या घोड्याचं वजन नवव्याशी ताडायचं, आणि नववा घोडा पुढच्या पानावर गेला की तक्ता संपला. मोबाइलवर दोन बोटांनी मोठं करता येतं, असं भाचरांनी सांगून पाहिलं. येतं की. पण मोठं केलेल्या पडद्यावर एका वेळी एकच घर उरतं. साडेछप्पन्न दिसलं, पण कुणाचं? बोट सरकवून नावापाशी जावं तर वजन पळालेलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मामांना घरी लावायला एक कागद दिला होता. दहा सेंटिमीटरचा चौकोन, त्यात पाच-पाच मिलिमीटरच्या चौकटींची जाळी, मधोमध टिंब. टिंबाकडे पाहायचं आणि रेघा वाकड्या दिसतात का ते सांगायचं. मामांना त्या मध्यभागी वाकून विरघळत. तो कागद बघितल्यावर मी रेसबुकातल्या उभ्या-आडव्या रेघा आधी काढून टाकल्या. ज्याला रेघ वाकडी दिसते त्याला चौकटींचा आधार कसला? रेघांऐवजी मोकळी जागा ठेवली. कडेच्या नजरेनं वाचणाऱ्याला अक्षराच्या आकाराइतकीच आजूबाजूची गर्दी नडते. एकटा आकडा ओळखतो, तोच दोन आकड्यांच्या मध्ये कोंबला की हरवतो. तेव्हा अठराच्या हट्टापायी गर्दी करण्यापेक्षा सोळा घेऊन दोन ओळींत हवा सोडली, ती कामाला आली. सगळंच ठळक करून काही साधत नाही. इंग्रजी सहाचं पोट शाईनं भरून त्याचा आठ होतो. मॅथ्यू कार्टरनं सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या टेलिफोन डिरेक्टरीसाठी ‘बेल सेंटेनियल’ हा टाइप घडवला तेव्हा याच दुखण्यावर औषध काढलं होतं. जिथे दोन रेघा मिळतात तिथे त्यानं खाचा ठेवल्या, म्हणजे पसरणारी शाई त्या खाचांत शिरेल आणि अंकाचं पोट मोकळं राहील. लहान टायपाची अशी काळजी घेणारे कारागीर झाले. पण ती काळजी कंपनीचा कागद वाचावा म्हणून.

मग खरी वाटाघाट सुरू झाली. एक शर्यत एका ए-थ्री कागदावर, आडव्या, दुमडायचा नाही, ही माझी अट. काय गाळायचं हे मामा ठरवणार, ही त्यांची. घोड्याच्या नावाला मोकळ्या जागा धरून १८ अक्षरांची मर्यादा असते. तेवढं नाव १६ पॉइंटांत मांडलं की साध्या ए-फोरच्या रुंदीचा चौथा हिस्सा गेलाच. मी म्हटलं, “मामा, मालकाचं नाव काढू?”

“काढ. मालक काय घोड्यावर बसतो?”

“आणि आई? बाप ठेवते.”

“आईला हात लावू नकोस. लांब पल्ल्याचा दम कुणाकडून आला ते कसं कळणार?”

रंग गेला, वयाचा स्वतंत्र रकाना गेला, घोड्याच्या नंबराशेजारी वयाचा आकडा आला. प्रत्येक घोड्याला दोन ओळी: वर नंबर, नाव, वजन, ड्रॉ, जॉकी, खाली आई-बाप, मागचे क्रमांक, ट्रॅकवर्क. वजनाचे दशांश एकाखाली एक. कागद चकाकी नसलेला, शाई काळीभोर. टिपांना जागा दिली नाही. मामांनी मागितलीही नाही.

हे सगळं संगणकात आधीपासून असतं, हे मला त्या रात्री जाणवत राहिलं. रेसबुक छापणारा माणूस ही माहिती एकदा भरतो. दुसरा साचा करून ठेवला की त्याच माहितीतून मोठ्या टायपाची प्रत निघते. मी एका छापणाऱ्याला विचारलंही. तो म्हणाला, “मॅडम, घेणार कोण?” महालक्ष्मीच्या कुठल्याही स्टँडमध्ये उभं राहून केसांचे रंग पाहिले असते तर त्यानं विचारलं नसतं. २४०० मीटरच्या त्या ट्रॅकवर घोडे समोरच्या अंगाला गेले की चांगल्या नजरेलाही रंगीत ठिपकेच दिसतात, म्हणून लोक गळ्यात दुर्बिणी अडकवून येतात. दुर्बीण ऐटीची समजतात. मोठा टाइप मात्र मागायला माणसं लाजतात, आणि मागितला नाही म्हणून छापणारा गरज नाही असं धरून चालतो.

मामांचं म्हणणं वेगळंच आहे. त्यांना दृष्टिहीनांसाठी असा शिक्का मारलेली फुकट प्रत नको. गेटवर नेहमीच्या पुस्तकाशेजारी ठेवा, जास्त कागदाचे जास्त पैसे घ्या. “रेसवाला पुस्तकाच्या भावात घासाघीस करत नाही,” ते म्हणतात, “ती तो बुकीशी करतो.”

मामी अजून माझ्याशी नीट बोलत नाही.