बिनभाड्याचा पोटभाडेकरू

पक्षीप्रेम ही तशी स्वस्त आणि मस्त गोष्ट आहे. पक्ष्यानं देखणं असावं, लांबच्या फांदीवर बसावं, थोडं गावं, फोटोपुरती पोज द्यावी आणि आपल्या घरी जावं. शिंजीर दिसला की आपण हरखतो, तांबट दिसला की लगेच स्टेटस टाकतो. खरी परीक्षा होते ती कबुतर आल्यावर. कारण कबुतर घरी जात नाही. त्याच्या मते ते घरीच आलेलं असतं.

आमचा फ्लॅट कोथरूडमधला, तळमजल्यावरचा. मागे दहा बाय बारा फुटांचा तुकडा. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये त्याचं नाव 'प्रायव्हेट गार्डन', प्रत्यक्षात तिथं फुटक्या फरश्या आणि सिमेंटची रिकामी पोती. तीन वर्षांचे वीकेंड घालून मी तिथं छोटंसं रान उभं केलं. लिंबू आणि कढीपत्ता लावला, कारण त्यावर कॉमन मॉर्मन फुलपाखरू अंडी घालतं. प्लेन टायगरसाठी रुई, रेड पिएरोसाठी पानफुटी, शिंजिरासाठी हॅमेलिया. कीटकनाशक बंद. अळ्यांनी पानं खाल्ली तर खाऊ द्यायची, शेवटी बाग त्यांचीच. दुसऱ्या वर्षी शिंप्यानं जास्वंदीची पानं शिवून घरटं केलं, तेव्हा ऑफिसात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

आणि मग कबुतरं आली. आधी दोन, मग सहा, मग मोजणं सोडून दिलं. रोपं तुडवायची, पाण्याच्या भांड्यात बसून अंघोळ आणि बाकी सगळं उरकायचं, आणि दुपारभर एसीच्या आउटडोअर युनिटवर बसून घुमायचं. बुलबुल बिचारा कुंपणावरूनच परत जायचा.

थोडं त्यांच्या बाजूनंही बोलते. हा पक्षी म्हणजे पारवा, मूळचा डोंगरकड्यांच्या कपारीत राहणारा. त्याच्या नजरेनं पाहा. आपण शहरभर उंच उंच कडे बांधलेत, प्रत्येक कड्याला डक्ट, छज्जे आणि एसीच्या कपारी ठेवल्यात आणि वरून मूठमूठ धान्यही टाकतोय. तो येणार नाही तर काय? विणीचा म्हणून त्याचा वेगळा ऋतू नाही, वर्षभर कारभार चालू. एका वेळी दोन अंडी, साधारण अठरा दिवसांत पिल्लं, आणि ती उडायच्या आत बऱ्याचदा पुढची अंडी तयार. भारतातल्या पक्ष्यांची स्थिती सांगणारा 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल २०२३ मध्ये आला. अनेक जाती घटत असताना वाढणाऱ्या मोजक्या पक्ष्यांत मोर आणि कोकिळेबरोबर आपले हे महाशयही आहेत.

माझ्यासाठी हा विषय रोपांवरून फुप्फुसांवर गेला तो आईच्या खोकल्यामुळे. दोन महिने कोरडा खोकला, जिना चढताना दम. औषधं झाली, काढे झाले. शेवटी छातीच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घराजवळ कबुतरं आहेत का?" त्यांची विष्ठा आणि पिसांचा भुगा हवेत मिसळतो. त्यातल्या प्रथिनांची काहींना ॲलर्जी होते आणि फुप्फुसाला सूज येते. याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. वेळेत लक्षात आलं आणि संपर्क तुटला तर बरं वाटू शकतं. वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर फुप्फुसावर कायमचे व्रण पडतात. आईचं प्रकरण सुरुवातीचं होतं. "कारण दूर करा," डॉक्टर म्हणाले.

कारण एसीच्या मागे, चार काड्या आणि एका वायरच्या तुकड्यावर, दोन अंडी घेऊन बसलं होतं.

मी मोजे चढवले. आई दारात उभी. "अंड्यांवर बसलेल्या आईला उठवायचं नाही गं."

"अगं, तुझाच श्वास अडकतोय ना तिच्यामुळे!"

"मग मी जाते चार दिवस. तिला कुठं जाता येणार आहे?"

आता यावर काय बोलणार! चार दिवसांचे दीड महिना झाले. आई साताऱ्याला मामाकडे गेली आणि मी मागची खिडकी टेपनं बंद करून, रोज मास्क लावून, एका कबुतरिणीच्या मॅटर्निटी लीव्हचा हिशेब ठेवत बसले. पिल्लं उडाली त्याच दिवशी जागा साफ केली, पुढच्या काड्या पडायच्या आत.

तोवर सोसायटीत सल्ल्यांचा पाऊस. जुन्या सीड्या टांगा. टांगल्या, कबुतरांना आरसा मिळाला. प्लॅस्टिकचं घुबड ठेवा. ठेवलं; चौथ्या दिवशी एक कबुतर त्याच्या डोक्यावर बसलं होतं. कुणीतरी हळूच औषध घालायचंही सुचवलं. तसल्यांना स्पष्ट सांगते, प्राण्यांना विष घालणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. शिवाय ते कबुतर खाणारी घार आणि मांजरही जातं.

उपयोगी पडलं ते अगदी साधं. कपारीला जाळी, चांगली ताणून. सैल जाळीत पक्षी अडकून मरतात. गॅलरी झाकायची असेल तर दोन इंची जाळी घ्या. कबुतर अडतं, चिमणी आणि शिंजीर आरामात आत येतात. काड्या दिसल्या की त्याच दिवशी उचलायच्या, अंड्यांची वाट बघायची नाही. वाळलेली विष्ठा झाडायची नाही. आधी पाणी मारायचं, मग मास्क आणि मोजे घालून काढायची. पाण्याचं छोटं भांडं मी लिंबाच्या बारीक फांदीला टांगलं. बुलबुलाला जमतं, कबुतराचा तोल जातो. चिमण्यांच्या लाकडी घरट्याचं भोक बत्तीस मिलिमीटर ठेवलं. तिथं कबुतराचं फक्त डोकं चौकशीला जाऊ शकतं.

राहता राहिले तिसऱ्या मजल्यावरचे काका. रोज सकाळी त्यांची दोन मुठी ज्वारी खाली येते. सेक्रेटरी म्हणाले, मीटिंगमध्ये ठराव घेऊ, दंड लावू. मुंबईत काय झालं ते आपण पाहिलंच. २०२५ च्या जुलैत कबुतरखाने बंद करायचं ठरलं, दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला, ऑगस्टमध्ये आंदोलकांनी ती ताडपत्री ओढून काढली. कोर्ट, पोलीस, घोषणा. एका बाजूला कुणाची श्रद्धा, दुसऱ्या बाजूला कुणाचा श्वास. मला आमच्या पार्किंगमध्ये छोटं दादर नको होतं. मी आईची फाइल घेऊन वर गेले.

काकांनी रिपोर्ट चाळले. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "तुझ्या काकूचा नेम होता हा. ती गेली, मी चालू ठेवला. सकाळी कुणीतरी वाट बघतं, एवढंच."

मी तयार करून नेलेले सगळे मुद्दे घशातच राहिले. म्हटलं, "काका, वाट बघणारे खालीही आहेत. सकाळी सातला शिंजीर येतो. चहाला या."

ज्वारी लगेच थांबली नाही. दोन मुठींची एक झाली, मग एक दिवसाआड, आणि आई परत आली त्या आठवड्यात बंद झाली. आता काका रविवारी कुंपणाशी खुर्ची टाकून बसतात आणि अळ्या मोजतात. मागच्या तपासणीत डॉक्टर "सुधारणा आहे" एवढंच म्हणाले. आमच्यासाठी ते पुष्कळ आहे.

कबुतरं शहर सोडून गेलेली नाहीत, जाणारही नाहीत. आमची जोडी हल्ली पाण्याच्या टाकीवर बसून माझ्या बागेकडे टक लावून बघत असते. बघू देत. बघायला भाडं लागत नाही.