उत्तर राज्यमंत्र्यांचे, अधिकार कोणाचा?

आयर्लंडच्या राज्यघटनेने मंत्रिमंडळाची कमाल सदस्यसंख्या १५ ठरवून दिली आहे. मंत्रिमंडळाबाहेरील राज्यमंत्र्यांना घटनेची अशी मर्यादा नाही. त्यांची संख्या साध्या कायद्याने ठरते, आणि २०२५ च्या आरंभी ती २० वरून २३ वर नेण्यात आली. १७४ सदस्यांच्या डॉल एरन या लोकनियुक्त सभागृहात सत्ताधारी बाजूच्या दर पाच सदस्यांपैकी सुमारे दोघांकडे आता कोणते ना कोणते मंत्रिपद आहे. विरोधकांनी या वाढीवर खर्चाची आणि सौदेबाजीची टीका केली. ती अपेक्षितच होती. त्या गदारोळात एक मूलभूत प्रश्न मात्र मागे पडला. हे राज्यमंत्री सभागृहात जे बोलतात, त्या बोलण्यामागे अधिकार किती असतो?

आयर्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या भारतीयांसाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. २०२२ च्या जनगणनेनुसार तेथे ४५ हजारांहून अधिक भारतीय नागरिक राहत होते. २०२४ या एका वर्षात ३८ हजारांहून अधिक रोजगार परवाने दिले गेले आणि त्यांत १३ हजारांहून अधिक परवान्यांसह भारतीय पहिल्या स्थानी होते. परवान्यासाठी किमान वेतन किती असावे, मालक कधी बदलता यावा, स्थलांतराचे धोरण कसे असावे, या विषयांवर सभागृहात उभे राहून बोलण्याची जबाबदारी बहुधा राज्यमंत्र्यांवर येते. पंतप्रधान आणि विरोधी नेते यांच्यातील खडाजंगी वृत्तवाहिन्यांवर दिसते. परवानाधारकाच्या घरावर परिणाम करणारे वाक्य अनेकदा संध्याकाळी, जवळपास रिकाम्या सभागृहात उच्चारले जाते.

राज्यमंत्रिपदाची आजची रचना १९७७ च्या कायद्याने झाली. त्याआधी त्यांना संसदीय सचिव म्हटले जाई. आरंभी १० जणांची मर्यादा होती. ती वाढत २००७ मध्ये २० झाली, आर्थिक संकटाच्या काळात २००९ मध्ये १५ पर्यंत खाली आली आणि पुढे पुन्हा चढत गेली. राज्यमंत्री हा संसदेच्या दोहोंपैकी एका सभागृहाचा सदस्य असावा लागतो. सरकार आदेश काढून खात्याचे काही अधिकार त्याच्याकडे सोपवते. मात्र संसदेला उत्तर देण्याची अंतिम जबाबदारी कॅबिनेट मंत्र्याकडेच राहते. भारतात राज्यमंत्र्याला ‘स्वतंत्र कार्यभार’ देण्याची सोय आहे. आयर्लंडमध्ये तिला समांतर अशी व्यवस्था नाही. महाराष्ट्रात ‘फायली आमच्यापर्यंत येतच नाहीत’ ही राज्यमंत्र्यांची जुनी तक्रार आहे. डब्लिनमधील तक्रारीचे स्वरूप थोडे वेगळे आहे. तेथे फाईल येते, उत्तरही तयार होऊन येते. ते बदलण्याची मुभा किती, एवढाच प्रश्न उरतो.

या मर्यादेचे सर्वांत स्पष्ट दर्शन तातडीच्या विषयांवरील चर्चेत घडते. महाराष्ट्र विधिमंडळातील लक्षवेधी सूचनेशी साम्य असलेली ही पद्धत डॉलमध्ये २०११ पासून रूढ आहे. सदस्यांनी सुचवलेल्या विषयांतून अध्यक्ष निवड करतात आणि प्रत्येक विषयाला १२ मिनिटे मिळतात. सदस्य चार मिनिटे बोलतो, मंत्री चार मिनिटे उत्तर देतो, सदस्याला पुन्हा दोन मिनिटे आणि शेवटी मंत्र्याला दोन मिनिटे. पहिली चार मिनिटे खात्याने लिहून दिलेल्या मजकुराच्या वाचनात जातात. अनेकदा उत्तर देणारा राज्यमंत्री त्या खात्याचा नसतोच. सहकारी उपलब्ध नसल्याने तो त्याच्या वतीने उभा असतो. वरिष्ठ सभागृहात, शॅनडमध्ये, कामकाजाच्या आरंभी होणाऱ्या अशाच चर्चेतही हे दृश्य नेहमीचे. प्रश्न रुग्णालयाचा असतो आणि उत्तर वाचणारा मंत्री शेतीचा किंवा वाहतुकीचा.

म्हणूनच अनुभवी सदस्य पहिल्या चार मिनिटांपेक्षा शेवटच्या दोन मिनिटांकडे अधिक लक्ष देतात. तेथे लिखित मजकूर संपलेला असतो. राज्यमंत्री ‘हा मुद्दा मंत्र्यांच्या कानी घालतो’ म्हणून बसतो, की तारीख, रक्कम किंवा निर्णयाचा टप्पा सांगून स्वतःला बांधून घेतो, यावरून त्याचे वजन कळते. सभागृहात उच्चारलेला शब्द अधिकृत इतिवृत्तात नोंदला जातो. सहा महिन्यांनी तोच सदस्य ती नोंद पुढे करून विचारू शकतो की दिलेल्या आश्वासनाचे काय झाले. वाचून दाखवलेले उत्तरही त्यामुळे निरुपयोगी ठरत नाही. ते खात्याचे त्या दिवशीचे अधिकृत मत असते, आणि पुढे मत बदलले तर बदलाचे कारण विचारण्यासाठी तीच नोंद आधार देते.

राज्यमंत्र्याची खरी कसोटी विधेयकांवर लागते. डॉलमध्ये विधेयक पाच टप्प्यांतून जाते. दुसऱ्या टप्प्यात तत्त्वांची चर्चा होते, तिसऱ्यात समितीपुढे कलमवार तपासणी होते. समितीच्या खोलीत प्रेक्षक नसतात, घोषणा चालत नाहीत. एखादी दुरुस्ती का स्वीकारता येत नाही, हे मंत्र्याला शब्दशः सांगावे लागते. कलमाचा अर्थ ठाऊक नसलेला मंत्री येथे उघडा पडतो.

रोजगार परवाना विधेयकाचा प्रवास या दृष्टीने बोलका आहे. २००३ आणि २००६ चे कायदे एकत्र करून त्यांचे आधुनिकीकरण करणारे हे विधेयक २०२२ मध्ये आले, तेव्हा उद्योग खात्यात डेमियन इंग्लिश राज्यमंत्री होते. जुन्या बांधकाम परवानगीच्या अर्जातील चुकीच्या माहितीवरून त्यांना जानेवारी २०२३ मध्ये पद सोडावे लागले. त्यांच्या जागी नील रिचमंड आले. एप्रिल २०२४ मध्ये सायमन हॅरिस पंतप्रधान झाल्यावर रिचमंड अर्थखात्यात गेले आणि उद्योग खात्यातील जबाबदारी ईमर हिगिन्स यांच्याकडे आली. कायदा २ सप्टेंबर २०२४ रोजी लागू झाला. एका कायद्याच्या जन्मकाळात तीन राज्यमंत्री बदलले. खात्यातील अधिकारी आणि विधेयकाचा गाभा मात्र कायम राहिला.

या कायद्याने मिळालेली सवलत लहान वाटली तरी परवानाधारकाला तिचे मोल ठाऊक आहे. पूर्वी पहिल्या मालकाकडे १२ महिने काढावे लागत. आता ९ महिन्यांनंतर त्याच स्वरूपाच्या कामासाठी, नवा परवाना न काढता, मालक बदलण्याची मागणी करता येते. हंगामी कामासाठी वेगळ्या परवान्याची तरतूद झाली आणि वेतनाच्या किमान मर्यादा वेळोवेळी वाढवण्याची सोय कायद्यातच करण्यात आली. परवाना एकाच मालकाशी बांधलेला असल्याने कामगार अन्याय सोसत राहतो, हा आक्षेप स्थलांतरितांच्या संघटना वर्षानुवर्षे मांडत होत्या. ९ महिन्यांची तरतूद हे त्या आक्षेपाला मिळालेले अर्धे उत्तर आहे. बंधन सैल झाले, सुटले नाही.

राज्यमंत्र्याच्या अधिकाराची दुसरी सीमा याच विषयात दिसते. परवाना उद्योग खाते देते. निवासाचा हक्क आणि कुटुंबाला बोलावण्याचे नियम न्याय खात्याच्या हाती असतात. त्यामुळे उद्योग खात्याचा राज्यमंत्री परवान्याच्या कलमावर सविस्तर बोलू शकतो, पण परवानाधारकाच्या पत्नीला किंवा पतीला काम करता येईल का, या प्रश्नावर त्याला स्वतःच्या बळावर शब्द देता येत नाही. साध्या परवान्यावर आलेल्यांच्या जोडीदारांना स्वतंत्र परवान्याविना काम करण्याची मुभा अखेर मे २०२४ मध्ये जाहीर झाली. ती त्या वेळच्या न्यायमंत्री हेलन मॅकएन्टी, उद्योगमंत्री पीटर बर्क आणि राज्यमंत्री ईमर हिगिन्स यांची संयुक्त घोषणा होती. विधेयक संसदेत असतानाच हा निर्णय विधेयकाबाहेर, प्रशासकीय मार्गाने झाला. ज्यांनी केवळ विधेयकाच्या चर्चेवर नजर ठेवली, त्यांच्या हातून ही बातमी निसटण्याची शक्यता होती.

वेतनमर्यादेचेही तसेच. आरोग्य साहाय्यकांना वर्षाला २७ हजार युरोंवर परवाना मिळे, तर जोडीदाराला बोलावण्यासाठी ३० हजारांचे उत्पन्न दाखवावे लागे. एका खात्याने मान्य केलेला पगार दुसऱ्या खात्याच्या मोजपट्टीत अपुरा ठरत होता, आणि मधल्या मध्ये कुटुंबे दुभंगलेली राहत. डिसेंबर २०२३ मध्ये, रिचमंड यांच्या कार्यकाळात, ही मर्यादा ३० हजारांवर नेण्याचे जाहीर झाले आणि जानेवारीपासून ती लागू झाली. दोन खात्यांमधील फट दाखवून देण्याचे काम प्रश्न विचारणाऱ्या सदस्यांचे आणि संघटनांचे. ती बुजवणे राज्यमंत्र्याला एकट्याने शक्य नसते. तरीही त्याने सभागृहात ती फट मान्य करणे, हा बदलाकडे जाणाऱ्या वाटेवरील पहिला दगड ठरतो.

लिखित मजकुराबाहेर पडलेल्या राज्यमंत्र्याचे काय होते, याचे उदाहरणही आयर्लंडच्या अलीकडच्या इतिहासात आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये आरोग्यमंत्री जेम्स रायली यांच्याविरुद्ध अविश्वासाचा ठराव आला. त्यांच्याच खात्यातील, आघाडीतील मजूर पक्षाच्या राज्यमंत्री रोशीन शॉर्टल भाषणास उभ्या राहिल्या. त्या सरकारच्या धोरणावर बोलल्या. ज्या मंत्र्यावर अविश्वास मांडला होता, त्याचे नावही त्यांनी घेतले नाही. मतदान मात्र सरकारच्या बाजूने केले. प्राथमिक आरोग्य केंद्रांची यादी २० वरून ३५ वर गेली होती आणि वाढलेल्या ठिकाणांत मंत्र्यांच्या स्वतःच्या मतदारसंघातील दोन गावे होती, हा वादाचा मुद्दा होता. काही दिवसांतच, २६ सप्टेंबरला, शॉर्टल यांनी मंत्रिपद आणि पक्षाची साथ दोन्ही सोडले. त्या भाषणातील मौन वरिष्ठ मंत्र्यांच्या अनेक भाषणांपेक्षा अधिक बोलून गेले. त्याची किंमत मात्र पदाने मोजावी लागली.

दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. राज्यमंत्रिपद ही सत्तेच्या शिडीची पायरी आहे. सायमन हॅरिस २०१४ मध्ये अर्थखात्यात राज्यमंत्री झाले आणि दहा वर्षांत पंतप्रधानपदी पोहोचले. मालवण तालुक्यातील वराड गावाशी नाते असलेले लिओ वराडकर २०११ मध्ये ही पायरी वगळून थेट कॅबिनेट मंत्री झाले; असे भाग्य थोड्यांच्या वाट्याला येते. ज्याला वर जायचे आहे, तो वरिष्ठांना अडचणीत आणणारे वाक्य सहसा उच्चारत नाही. संख्या २३ झाली म्हणजे सरकारला प्रश्न विचारू शकणारे आणखी तीन आवाज सत्ताधारी बाकांवरून कमी झाले, असाही याचा हिशेब मांडता येतो.

कॅबिनेटच्या बैठकीला बसणारे पण मताचा अधिकार नसलेले चार ‘वरिष्ठ’ राज्यमंत्री हा याच गुंत्याचा पुढचा भाग. १९९४ च्या आघाडी सरकारात सुरू झालेल्या या प्रथेला पा डेली आणि पॉल मर्फी या दोन विरोधी सदस्यांनी उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि २०२५ मध्ये त्यावर सुनावणी झाली. घटनेने १५ ची मर्यादा घातली असताना सोळावा माणूस त्या खोलीत कोणत्या नात्याने बसतो, हा त्यामागचा प्रश्न. सभागृहात दिलेल्या उत्तराची जबाबदारी नेमकी कोणाची, या शंकेचेच ते दुसरे रूप होय.

इतिवृत्ताचे मोल कळते ते नोंद नसते तेव्हा. जुलै २०२५ मध्ये डब्लिनच्या टॅलाट भागात एका भारतीयावर हल्ला झाला, पाठोपाठ आणखी घटना पुढे आल्या आणि भारतीय दूतावासाला नागरिकांसाठी सावधगिरीच्या सूचना काढाव्या लागल्या. उपपंतप्रधान हॅरिस यांनी ऑगस्टमध्ये भारतीय प्रतिनिधींची भेट घेतली. राष्ट्राध्यक्ष मायकल डी. हिगिन्स यांनीही हल्ल्यांचा निषेध केला. त्या आठवड्यांत डॉल उन्हाळी सुट्टीवर होते; ते १७ सप्टेंबरला पुन्हा भरले. निषेध मनापासूनचे होते. परंतु पत्रकातील निषेधावर उपप्रश्न विचारता येत नाही. पोलिसांनी किती प्रकरणांत कारवाई केली, स्थलांतराचा कारभार पाहणारे राज्यमंत्री कोलम ब्रॉफी यांचे खाते त्यावर काय करणार, असे विचारून उत्तर नोंदवून घेण्याची जागा त्या काळात बंद होती.

यातून आयर्लंडमधील भारतीय समाजासाठी व्यवहारातला निष्कर्ष निघतो. तेथे नागरिकत्व नसलेल्या रहिवाशालाही स्थानिक निवडणुकीत मत देता येते, आणि आपल्या भागातील डॉल सदस्याला पत्र लिहिण्यासाठी नागरिकत्व लागत नाही. त्या सदस्याने मंत्र्याला प्रश्न विचारला की उत्तर अधिकृत नोंदीत जाते आणि जगात कोठूनही वाचता येते. प्रश्न नेमका हवा: कोणते खाते, कोणता नियम, कोणती तारीख. उत्तर राज्यमंत्र्याने वाचून दाखवले म्हणून ते टाकून देऊ नये, आणि ‘विचार चालू आहे’ एवढ्यावर समाधानही मानू नये. विषय दोन खात्यांत विभागलेला असेल तर प्रश्न दोन्ही खात्यांना विचारावा, आणि पुढच्या वेळी आधीचे उत्तर जोडून पाठवावे. हे काम कोणत्याही खात्याचा अधिकारी करणार नाही. ज्याचा परवाना आणि ज्याचे कुटुंब त्या उत्तरावर अवलंबून आहे, त्यालाच ते करावे लागेल.